मराठीतील अनियतकालिके : आकार, छपाई आणि प्रकाशनव्यवहार



साठोत्तरी मराठी साहित्याचा अभ्यास करताना 'अनियतकालिकांची चळवळ' हा शब्दप्रयोग तुमच्या वाचनात वारंवार आला असेल. प्रस्थापितांविरुद्धचे बंड, नवी कविता, बंडखोर तरुण कवी अशा शब्दांत या चळवळीचे वर्णन नेहमी केले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. अनियतकालिक ही आधी एक वस्तू होती. कुणीतरी कागद आणला, कुणीतरी स्टेन्सिल कापले किंवा खिळे जुळवले, कुणीतरी पाने दुमडून पिना मारल्या आणि कुणीतरी पिशवीत घालून अंक मित्रांपर्यंत पोहोचवले. ही सारी माणसे पुष्कळदा एकच असत. या घटकात आपण अनियतकालिकांतील कवितांपेक्षा त्यांच्या कागदाकडे, आकाराकडे आणि छपाईकडे अधिक लक्ष देणार आहोत. मराठी प्रकाशनाच्या इतिहासात त्यांना जे स्थान आहे, ते या लहानपणामुळेच आहे, असे माझे मत आहे.

'नियत' म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा विचार करू. 'नियतकालिक' म्हणजे ठरलेल्या काळाने निघणारे प्रकाशन : दैनिक, साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक. 'अ' हा उपसर्ग लागला की ठरलेला काळ नाकारला जातो. वरवर पाहता ही केवळ हयगयीची कबुली वाटेल. परंतु 'नियत' असण्याची एक किंमत असते. १८६७ च्या मुद्रण व पुस्तकनोंदणीविषयक कायद्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण आणि प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ देणे बंधनकारक होते. वृत्तपत्र वा नियतकालिक म्हणून चालवायचे तर दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र करावे लागे, नावाची नोंदणी करावी लागे. २०२३ च्या नव्या कायद्याने जागा घेईपर्यंत हा जुना कायदा, अर्थात वेळोवेळीच्या दुरुस्त्यांसह, लागूच होता. नोंदणी झाली की टपालखर्चात सवलत मिळे, वर्गणीदार करता येत, जाहिराती मागता येत. त्याबरोबर दर महिन्याला अंक काढण्याची बांधिलकीही येई. मजकूर चांगला असो वा नसो, चौसष्ट पाने भरलीच पाहिजेत.

अनियतकालिकाने ही सवलत आणि ही बांधिलकी दोन्ही सोडून दिल्या. मजकूर जमला तर अंक, पैसे जमले तर अंक. पुढचा अंक केव्हा, हे संपादकालाही ठाऊक नसे. वर्गणीदार नसल्यामुळे त्याचे कुणाला उत्तरही द्यावे लागत नसे.

इंग्रजीतून आलेली 'लिटल मॅगझिन' ही संज्ञा आपल्याकडे समानार्थी म्हणून वापरली जाते. तिच्यातील 'लिटल' म्हणजे कागदाची लांबीरुंदी नव्हे, वाचकवर्ग लहान असणे होय. १९१४ मध्ये मार्गारेट अँडरसन यांनी शिकागोत सुरू केलेल्या 'द लिटल रिव्ह्यू'ने १९१८ पासून जेम्स जॉइस यांची 'युलिसिस' ही कादंबरी क्रमशः छापली आणि खटला ओढवून घेतला. तिथे वाचक थोडे होते, पण छपाई रीतसर होती. मराठीत मात्र 'लहान' हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरला.

आधीची लहान मासिके

एका माणसाने चालवलेले, थोड्या पानांचे प्रकाशन मराठीला १९५० नंतर प्रथमच भेटले असे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील मजकूर जवळजवळ सर्वस्वी त्यांनीच लिहिला. लेखक, संपादक आणि चालक एकच असला की भाषेला कशी धार येते, याचा हा मराठीतील पहिला ठळक दाखला. मात्र 'निबंधमाला' मासिक होती आणि तिला मासिकच व्हायचे होते.

दुसरा दुवा बडोद्याचा. पु. आ. चित्रे यांनी १९४३ मध्ये बडोद्याहून 'अभिरुची' हे मासिक काढले. मुंबई-पुण्याच्या बाहेर राहून नव्या लेखनाला जागा देणारे म्हणून ते आजही आठवले जाते. त्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांनी पुढे अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांच्यासह 'शब्द' काढला. वडिलांचे मासिक छापील होते, मुलाचे सायक्लोस्टाइल केलेले. घरात मासिक कसे चालते हे पाहिलेल्या तरुणाने छापखान्यालाच वळसा घालावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

छापखान्याला वळसा घालण्याची गरज का पडली, हे कळण्यासाठी 'सत्यकथे'कडे पाहावे लागेल. मुंबईत गिरगावातील खटाववाडीतून निघणारे मौजेचे 'सत्यकथा' हे मासिक त्या काळी वाङ्मयीन प्रतिष्ठेचे केंद्र होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी नवकथा आणि नवकविता वाचकांपर्यंत आणली, लेखकांना पानेपाने पत्रे लिहिली, पुनर्लेखन करवून घेतले. ते वाईट साहित्य छापत होते, असा आरोप कुणी गांभीर्याने करू शकणार नाही. तक्रार वेगळी होती. चांगले काय हे ठरवणारे दार एकच असेल, तर त्या दारातून न जाणारे लेखन 'अप्रकाशित' राहत नाही, ते 'साहित्य'च ठरत नाही. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, त्यामागचा राग या दारावरचा होता. अंक जाळणे मला आजही पटत नाही. मात्र जाळणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्याच छोट्या अंकांतून वाचल्याशिवाय या प्रसंगाविषयी मत बनवू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

स्टेन्सिल, खिळे आणि ट्रेडल

तुमच्यापैकी जे चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना शाळेतील चाचणीच्या प्रश्नपत्रिका आठवत असतील : किंचित पसरलेली काळी शाई, शाई शोषणारा खरखरीत कागद, मागच्या बाजूने दिसणारी अक्षरे. ते सायक्लोस्टाइल. मेणाचा लेप असलेल्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टंकलेखन यंत्राची फीत बाजूला करून अक्षरे उमटवली की त्या जागचे मेण निघते. टोकदार लेखणीने हातानेही लिहिता येते. मग ते स्टेन्सिल शाईच्या रुळावर बसवून दांडा फिरवायचा. मेण निघालेल्या रेषांतून शाई कागदावर उतरते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात, पुढे ते फाटते.

कचेरीतील परिपत्रके, कामगार संघटनांची पत्रके आणि प्रश्नपत्रिका यांसाठी वापरले जाणारे हे यंत्र १९५५ च्या सुमारास 'शब्द'च्या कामी आले, तेव्हा मराठी प्रकाशनात एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट घडली. कविता लिहिणारा माणूस आणि तिची प्रत काढणारा माणूस यांच्यामधला छापखाना नाहीसा झाला. छापखान्याबरोबर जुळारी, मुद्रितशोधक, मालक हे सारेच बाजूला झाले. एखादा शब्द 'छापण्याजोगा' आहे की नाही, असे विचारणारे कुणी उरले नाही.

सगळी अनियतकालिके सायक्लोस्टाइल नव्हती. पुष्कळ अंक खिळ्यांवर छापले गेले, पण ते लहान छापखान्यांत. अशा छापखान्यात पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र असे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रिका हे त्याचे नेहमीचे काम. त्यावर मोठा ताव बसत नाही, एका वेळी थोडीच पाने छापता येतात. शिवाय देवनागरीचे खिळे पुष्कळ लागतात. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे यांचे वेगवेगळे खिळे मोठ्या संख्येने बाळगणे लहान मालकाला परवडत नसे. म्हणून चार पाने जुळवायची, छापायची, खिळे सोडवून खणांत परत टाकायचे आणि मग पुढची चार पाने घ्यायची. लग्नसराई आली की कविता मागे पडे. अनियतकालिके अनियमित का निघत याची वैचारिक कारणे आपण देतो. त्यांत हे एक कारण जरूर धरा.

येथे एक कृती करून पाहा. घरातील कोणताही मोठा कागद घ्या आणि तो एकदा मधोमध दुमडा : दोन पत्रे, चार पृष्ठे झाली. पुन्हा दुमडा : चार पत्रे, आठ पृष्ठे. तिसऱ्यांदा दुमडा : आठ पत्रे, सोळा पृष्ठे. यालाच छापखान्यात एक फर्मा म्हणतात आणि या शेवटच्या आकाराला 'एक अष्टमांश'. तुमच्या हातातील बहुतेक कादंबऱ्या डेमी किंवा क्राउन तावाच्या एक अष्टमांश आकाराच्या असतात. आता विचार करा. तुमच्याजवळ पन्नास तावांचेच पैसे आहेत. एका तावात एक अंक बसवला तर सोळा लहान पृष्ठांचे पन्नास अंक होतात. दोन तावांचा अंक काढला तर पंचवीसच. लहान आकार निवडणे म्हणजे त्याच कागदात अधिक वाचक निवडणे होय. उलट, कवितेच्या ओळी लांब असतील तर लहान पानावर त्या मोडाव्या लागतात आणि कवीला आकाराशी झगडावे लागते. अरुण कोलटकर व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील चित्रकार होते. अक्षर, पान आणि कोरी जागा यांची जाण त्यांना कामातूनच आली होती. अशा कवीसाठी पानाचा आकार हा मजकुराबाहेरचा प्रश्न राहत नाही.

नावांची भाषा

मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक असल्याने या अंकांच्या नावांपाशी थोडे अधिक थांबतो. एकोणिसाव्या शतकातील नावे आठवा : 'ज्ञानप्रसारक', 'विविधज्ञानविस्तार', 'काव्येतिहाससंग्रह'. सारे संस्कृत समास. नावातच कार्यक्रम सांगितलेला : ज्ञान पसरवायचे आहे, संग्रह करायचा आहे. वाचकाचे स्थानही त्यातच ठरलेले : त्याने ते घ्यायचे आहे.

आता दुसरी नावे पाहा : 'शब्द', 'अथर्व', 'असो', 'वाचा', 'फक्त', 'येरू', 'टिंब', 'आत्ता', 'भारुड'. समास गेला. 'असो' हे नाव नसून क्रियापदाचे रूप आहे. पत्र लिहिताना एक विषय संपवून दुसऱ्याकडे वळताना आपण 'असो' लिहितो. अशोक शहाणे यांच्या अंकाने हा पत्रातील सुस्कारा मुखपृष्ठावर आणला. 'वाचा' हा शब्द दोन प्रकारे वाचता येतो : नाम म्हणून घेतला तर वाणी, क्रियापद म्हणून घेतला तर 'तुम्ही वाचा' अशी आज्ञा. एकाच रूपात बोलणारा आणि वाचणारा दोघेही येतात. 'येरू' तर फारच बोलके. जुन्या मराठीत, संतांच्या ग्रंथांत, 'येरू' म्हणजे दुसरा, इतर. बोलीत 'येरू' म्हणजे भोळसट, गबाळा. जो 'दुसरा' तोच गबाळा ठरवला जातो, हे समाजाचे सत्य एका शब्दात बसले. 'फक्त' मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला. आपण त्याला धनादेशावर रुपयांच्या आकड्यापुढे लिहितो. 'आता' आणि 'आत्ता' यांतला फरक तर केवळ द्वित्ताचा, पण बोलणाऱ्याची निकड त्या द्वित्तातच असते. प्रमाण लेखनात 'आता' चालते. 'आत्ता' तोंडातून येते.

हा योगायोग नाही. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. म्हणजे लेखन एकसारखे करण्याची प्रक्रिया आणि अनियतकालिकांची भरती ही एकाच दशकातील आहेत. पाठ्यपुस्तकांना आणि कचेऱ्यांना नियम हवेच होते. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासताना ते लावतो. परंतु 'केले' आणि 'केलं', 'गेलो होतो' आणि 'गेल्तो' यांतील अंतर हे केवळ शुद्ध-अशुद्धाचे नसते. कोण बोलत आहे, हे त्यावरून कळते. रूढ गद्यात निवेदकाने 'केले' म्हणायचे आणि पात्राने 'केलं', अशी विभागणी असे. अनियतकालिकांतील लेखक निवेदनात, टीकालेखात, संपादकीयातही बोलीचे रूप वापरू लागले. मुद्रितशोधकाच्या टेबलावरून जाणाऱ्या मासिकात हे क्वचितच टिकले असते.

तरीही चित्र सरळ दोन गटांचे समजू नका. अशोक शहाणे यांचा मराठी साहित्यावरील गाजलेला 'क्ष-किरण' १९६३ मध्ये आला तो 'मनोहर' या रीतसर मासिकात. त्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली ती देशमुख आणि कंपनी या प्रतिष्ठित प्रकाशनाकडून. छोटे अंक आणि मोठी प्रकाशने यांच्यामध्ये भिंत नव्हती. ये-जा होती. पुढे शहाणे यांनी 'प्रास प्रकाशन' चालवले आणि १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' तेथून प्रसिद्ध झाला. लहान अंकातून शिकलेली कारागिरी अशा रीतीने पुस्तकापर्यंत पोहोचली.

नियमित राहण्याची निकड

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. 'अनियत' असणे हा स्वातंत्र्याचा मार्ग होता, असे आपण वर म्हटले. पण तो कुणासाठी?

१९६७-६८ मध्ये औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केले. ते त्रैमासिक होते, म्हणजे नियत. साधने तुटपुंजी, वाचकवर्ग मर्यादित, व्यापारी पाठबळ नाही. या दृष्टीने ते कोणत्याही लहान मासिकासारखेच होते. परंतु ते टिकण्यासाठी काढलेले होते आणि दशकानुदशके टिकले. त्याभोवती लेखक-वाचक मेळावे भरले, दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या झाल्या.

हा फरक मला मूलभूत वाटतो. ज्याला मासिकात जागा मिळू शकत होती आणि ज्याने ती नाकारली, त्याला अंक बंद पाडण्याची चैन परवडते. ज्याला कधीच जागा मिळाली नव्हती, त्याच्यासाठी पुढचा अंक ठरल्या वेळी येणे हीच प्रतिष्ठा असते. खेड्यातून पहिली कविता पाठवणाऱ्या मुलाला पत्ता टिकून राहायला हवा असतो. राजा ढाले आणि नामदेव ढसाळ हे या दोन्ही प्रवाहांत वावरले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली, त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि 'विद्रोह'सारखे पत्र वाङ्मयाचे की राजकारणाचे, हा प्रश्नच निरर्थक झाला. साहित्येतिहासाच्या पुस्तकांत अनियतकालिके एका प्रकरणात आणि दलित साहित्याची नियतकालिके दुसऱ्या प्रकरणात घालण्याची पद्धत आहे. सोयीसाठी ती ठीक, पण प्रकाशनाच्या दृष्टीने दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पहिली लाट ओसरली. काही लेखक पुस्तकांकडे वळले, काही प्राध्यापक झाले, काहींची नावे मागे पडली. 'सत्यकथा'ही १९८२ मध्ये बंद पडली. नव्वदच्या दशकात ऑफसेट आणि संगणकीय अक्षरजुळणी स्वस्त झाल्यावर दुसरी लाट आली. हेमंत दिवटे यांचे 'अभिधा', पुढे 'अभिधानंतर', हे तिचे ठळक उदाहरण. या अंकांची छपाई नेटकी आहे. ते पाहून पहिल्या लाटेची कल्पना करू नका.

अंक सापडतात कोठे?

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक केले. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही त्याच्या कक्षेत आली. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतील मध्यवर्ती ग्रंथालय ही त्यांपैकी दोन. परंतु मित्रांसाठी काढलेल्या शंभर प्रतींतील एक प्रत कोलकात्याला कोण पाठवणार? पाठवली तरी ग्रंथालयाच्या नोंदवहीत 'वर्ष' आणि 'अंक' असे रकाने असतात. ज्या पत्रिकेवर ना वर्ष ना अंक, कधी तारीखही नाही, ती कोणत्या रकान्यात जाणार? एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी 'सत्यकथे'चे बांधीव खंड ओळीने लावलेले पाहिले. त्याच कपाटाच्या तळाशी, नोंद नसलेल्या गठ्ठ्यात, तीन अनियतकालिके होती. पिना गंजल्या होत्या आणि गंजाभोवतीचा कागद विरला होता. गठ्ठा रद्दीत जाणार होता. शिपायाच्या सौजन्याने ते अंक वाचले.

त्यामुळे या चळवळीचा इतिहास आज मोठ्या प्रमाणात आठवणींवर आणि खासगी संग्रहांवर उभा आहे. एकाच अंकाची दोन पुस्तकांत दोन वर्षे आढळतात, ती याच कारणाने. परीक्षेत अमुक अंक कोणत्या साली निघाला यापेक्षा ते साल कशावरून ठरवले, हे सांगता येणे अधिक मोलाचे.

तुम्ही महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर, तालुक्याच्या गावी, वेगवेगळ्या घरांत राहून हा अभ्यास करीत आहात. एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ट्रंकेत, जुन्या कामगार कार्यकर्त्याच्या माळ्यावर असा अंक निघण्याची शक्यता विद्यापीठाच्या कपाटापेक्षा तुमच्याकडे अधिक आहे. तो मिळाल्यास आधी कविता वाचू नका. पट्टीने लांबीरुंदी मोजा आणि लिहून ठेवा. कागद एका बाजूने छापला आहे की दोन्ही, ते पाहा. अक्षरे खिळ्यांची आहेत की स्टेन्सिलची, हे अक्षराच्या कडेवरून कळते : खिळ्याने कागदावर किंचित खोलगट ठसा उमटतो, बोट फिरवले तर जाणवतो. मुद्रक-प्रकाशकाची ओळ शोधा. ती पुष्कळदा शेवटच्या पानाच्या तळाशी, सर्वांत बारीक अक्षरात असते. ओळ नसेल, तर नाही अशी नोंद करा. किंमत छापली आहे का, 'खाजगी वितरणासाठी' असे काही म्हटले आहे का, पत्ता कुणाच्या घरचा आहे, मागच्या पानावर एखाद्या उडप्याच्या हॉटेलची किंवा छापखान्याचीच जाहिरात आहे का, हेही टिपा. गंजलेली पिन ओढून काढू नका, कागद फाटेल. मालकाच्या परवानगीने प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, कोरी पानेसुद्धा वगळू नका, आणि अंक ज्याचा असेल त्याला परत करा.